पेटीगुरूंचं चरित्र

१४ सप्टेंबर १९९६, शनिवार
आखातातल्या आमच्या क्लबात नवा फुटबॉल कोच आला. अँगस पेटिग्रू. स्कॉटलंडचा. वय छप्पन्न, डावा गुडघा अधू, शर्टाला इस्त्री नाही. चार वर्षं मी या क्लबाची सेक्रेटरी आहे. इजिप्तचा कोच झाला, युगोस्लाव्ह झाला, ब्राझीलचा तर अडीच महिन्यांत गेला. एकालाही धड इंग्रजी येत नव्हतं. आता निदान एक माणूस शुद्ध बोलेल. बी.ए.ला इंग्रजी घेतलं ते काय मुदीरसाहेबांची म्हणजे मॅनेजरची कुरियरची पाकिटं लिहायला?
ओळख करून दिली. "मिसेस कॉमेडी" म्हणाले. मी कौ-मु-दी असं तोडून तीनदा सांगितलं. "आय, कॉमेडी." दर वाक्याला "आय" म्हणतात. उच्चार आठवडाभरात सुधारून घेईन.

१७ सप्टेंबर, मंगळवार
पेटिग्रू स्वतःहून टेबलाशी आले. त्यांना आपलं आयुष्य लिहून हवं आहे. आई तिकडे वृद्धाश्रमात असते. डोळे गेले आहेत. २० मेला तिला पंच्याऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी जवळ बसून स्वतः वाचून दाखवायचं आहे. बापाबद्दल कधी आईशी बोलणं झालं नाही, तेही त्यात यायला हवं म्हणाले. स्वतःला लिहिता येत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. पुस्तक छापायचं वगैरे काही नाही.
छापायचं नाही कसं? बघू पुढे. मी हो म्हटलं.
योजना: आठ महिने, अडीचशे पानं. रोज एक पान. पोरखेळ आहे. पहाटे पाचला उठायचं. मुखपृष्ठावर माझं नाव, लहान अक्षरात चालेल.
मोठा इंग्रजी शब्दकोश कपाटावरून काढून, पुसून टेबलावर ठेवला. कॉलेजात इंग्रजीचं बक्षीस म्हणून मिळालेला. उघडायची गरज नाही. ज्याला शब्द येत नाहीत त्याने शब्दकोश उघडावा. पण टेबलाला वजन येतं.
शशिकांतना सांगितलं. पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाले, "छान. आणि माझ्या निळ्या शर्टाचं बटण?" तीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदा तरी वेगळा प्रश्न विचारावा.

१८ सप्टेंबर
पाचला उठले नाही. एसीच्या घरघरीत गजर ऐकू आला नाही. एसी जुना आहे. घरमालकाला सांगायला हवं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
मैदानाला पाणी मारणारा लवू ऑफिसात आला. कुडाळकडचा, चाळिशी उलटलेला. इथल्या हवल्ली वस्तीत एका खोलीत सहा जण राहतात. मला मॅडम म्हण म्हणून चार वर्षं सांगते आहे, "वयनीनु"च म्हणतो, म्हणजे वहिनी. आज भलताच खुशीत. म्हणाला, "वयनीनु, क्लबान पेटीगुरू हाडल्यान तो बरा केल्यान!"
आणला ते बरं केलं म्हणे. मला बोध होईना. मग उलगडलं. नोटीस बोर्डावरचं नाव ड्रायव्हरने वाचून दाखवलं, पेटिग्रू. याने ऐकलं पेटीगुरू. यांच्या खोलीवर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. पेटी वाजवणारा काशिनाथ नोकरी संपवून गावी गेला, तेव्हापासून पेटी धूळ खाते आहे. क्लब फुटबॉलचा आहे, गाण्याचा नाही आणि तो माणूस ख्रिश्चन आहे, हे ठणकावून सांगितलं. त्यावर म्हणतो, "मगे तेका गुरू कित्याक म्हणतत?"
अशिक्षितपणाला औषध नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार
पहिलं डिक्टेशन. ऑफिसात, दुपारी चार. दोन पेन्सिली, रबर, पाण्याचा ग्लास. पेटिग्रूंनी सुरुवात केली. कोळशाच्या खाणीच्या गावात जन्म झाला. क्रियापद चुकलं होतं. सुधारलं. ते पुन्हा बोलले, पुन्हा चुकलं. पुन्हा सुधारलं. पस्तीस मिनिटांत एक वाक्य, पण निर्दोष. मग प्रॅक्टिसची वेळ झाली म्हणून उठून गेले. प्रॅक्टिस सहाला असते.
शिस्त नाही. उगाच नाही टीम हरत. (काल ०–३.)

३ ऑक्टोबर, गुरुवार
टेपरेकॉर्डर दिला. एकटे बसा, बोला, मी ऐकून लिहीन. आज पहिली कॅसेट परत आली. दोन मिनिटं घसा खाकरणं, एक शिवी, बंद. यंत्राशी बोलता येत नाही, समोर माणसाचं तोंड लागतं म्हणाले. मी म्हटलं, मी बसते. घाईघाईने "नो, नो, मिसेस कॉमेडी" म्हणाले. माझा वेळ जाऊ नये याची त्यांना फार काळजी.

१० ऑक्टोबर, गुरुवार
तोंड मिळालं. लवूचं! प्रॅक्टिसच्या आधी दोघे मैदानाच्या कडेला पाण्याच्या पाइपावर बसतात. मधे टेपरेकॉर्डर. कोच बोलतो, लवू ऐकतो. लवूला इंग्रजीचा गंध नाही. त्याच्या हिंदीचंही कठीण आहे. कॅसेटभर त्याचं मधे मधे "हां", "मगे?", "अरे देवा" आणि फवाऱ्याचं फट्‌ फट्‌. इतक्या गोंगाटात मी काम करायचं. पण पेटिग्रू न थांबता पंचेचाळीस मिनिटं बोलले आहेत. कसे, ते समजत नाही.
लवूला विचारलं, तुला काय कळतं रे? म्हणाला, "तो आवशीक लय मानता. सारको आये, आये करता."
हसू की रडू! याने "आय"ची आई केली. "आय" म्हणजे जुन्या इंग्रजीत "होय". समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी पण मानता."

१९ ऑक्टोबर, शनिवार
घोर प्रकार. गुरुवारी त्या सहा जणांनी पेटिग्रूंना खोलीवर नेलं. भजनाला! पुढ्यात पेटी ठेवली. आणि हे वाजवते झाले. यांचे वडील अॅकॉर्डियन वाजवायचे, यांनाही थोडं येतं. दोन्ही हात पट्ट्यांवर, भाता मारायला लवू. तिकडच्या चर्चमधली कुठलीशी चाल धरली आणि या लोकांनी त्यावर "जय जय राम कृष्ण हरी" बसवलं. वर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आज क्लबात ड्रायव्हरपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना पेटीगुरूच म्हणतात आणि ते ओ देतात.
मी सौम्य शब्दांत समज दिली, की कोचने अंतर ठेवावं. "आय," म्हणाले. हसत होते.
पानं झाली: ४. व्हायला हवीत: ३२. पण ही चार पक्की आहेत.

९ नोव्हेंबर, शनिवार
पहिलं प्रकरण तयार. आई रोज सकाळी "मेसेजेस"साठी जायची असं कॅसेटवर आहे. म्हणजे बाई टपाल खात्यात होत्या. त्यांनी हे साधेपणाने सांगितलं, मी त्याला उठाव दिला. ब्रिटिश टपाल खातं, त्याचा वक्तशीरपणा, पावसात घरोघर निरोप पोचवणारी माता. साडेतीन पानं. एवढं एका शब्दावरून उभं करणं सोपं नाही. एका जागी ती मेसेजेस टोपलीत घालून आणते असं आहे. टपालाची पिशवी म्हणायचं असेल. पिशवी केलं.
मुलगी लीना, वय सोळा, हिला वाचून दाखवलं. "आई, आर यू शुअर?" आम्ही मराठीत विचारायचं, हिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. म्हटलं, शुअर नसते तर लिहिलं असतं का?

१२ डिसेंबर, गुरुवार
कारकीर्द. फारच अडचणीची. अकरा वर्षं दुसऱ्या डिव्हिजनच्या एकाच क्लबात डावा बचाव. गाजलेला प्रसंग एकच. १९६३ च्या कप मॅचमध्ये चाळीस यार्डांवरून मारलेला गोल, स्वतःच्याच जाळ्यात. मग गुडघा गेला. मग कोच. माल्टा, झांबिया, मलेशिया, आणखी कुठे कुठे. नऊ वेळा काढून टाकलं. हे सगळं ते लवूला हसून हसून सांगत आहेत आणि तो गाढव "मगे?" करतो आहे.
असं चरित्र लोकांपुढे कसं ठेवायचं? मी लिहिलं: "त्या दिवशी श्री. पेटिग्रू यांनी चाळीस यार्डांवरून मारलेला गोल तीस हजार प्रेक्षक आजन्म विसरले नाहीत." एक शब्द खोटा नाही. दिशा कुणी विचारली? आणि नऊ हकालपट्ट्यांचं केलं: "नऊ संस्थांना त्यांच्या अनुभवाचा लाभ झाला."
शशिकांतनी वाचलं. म्हणाले, "माझंही लिही. बटणापासून सुरुवात कर."

२० जानेवारी १९९७, सोमवार
रमजान. क्लबाच्या वेळा बदलल्या, प्रॅक्टिस रोजा सुटल्यावर. माझ्या सगळ्या वेळापत्रकाचा विचका. त्यात नाशिकची नणंद पंधरा दिवस राहायला. त्यात लीनाची प्रिलिम. पान एकही नाही. यात माझा दोष शून्य.
पेटिग्रूंनी विचारलं, किती झालं? म्हटलं, पाया भरते आहे. आई फोनवर रोज विचारते म्हणाले, मी कोण, कशी दिसते. मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? म्हणाले, तुझ्या शाळेतल्या हेडमास्तरीणबाईंसारख्या.
प्रशंसाच आहे.
निश्चय: ईदनंतर रोज तीन पानं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कॅसेट नंबर सात. विचित्र कॅसेट आहे. बराच वेळ नुसता फवारा. पेटिग्रूंना सर्दी झालेली दिसते, सारखं नाक ओढत आहेत. या दिवसांत धूळ फार. मग वडिलांची हकिकत. साल १९५१, हे अकरा वर्षांचे. दुपारी खाणीचा भोंगा वाजला. सगळं गाव खाणीच्या फाटकाशी धावलं. वडील आणि आणखी सहा जण वर आले नाहीत. आणि मग वाक्य येतं, ते मी चार वेळा ऐकलं: "माय मदर वॉज ग्रीटिंग. द होल व्हिलेज वॉज ग्रीटिंग." शेजारचे घरात येत होते, ग्रीटिंग. रात्रभर, ग्रीटिंग.
थक्क झाले. काय जात आहे! घरचा कर्ता पुरुष गेला आहे आणि ही बाई दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याचं स्वागत करते. आपल्याकडे अशा वेळी काय कल्लोळ असतो.
आज एका बैठकीत पाच पानं. प्रकरणाचं नाव "आतिथ्य". मुख्य वाक्य त्यांचंच ठेवलं, "संपूर्ण गाव ग्रीटिंग करत होतं", पुढे माझं: "हसतमुखाने, हात जोडून." स्कॉटलंडात हात जोडत नाहीत, हे नंतर लक्षात आलं. "हात हलवून" केलं.
कॅसेटच्या शेवटी लवूचा आवाज, "असू दे, असू दे, पेटीगुरू." काय असू दे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
लवू मुद्दाम ऑफिसात आला. चप्पल बाहेर काढून. "वयनीनु, ती सात नंबरची कॅसेट. ता जरा नीट लिवा हां." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. "नाय ओ, शिकवणा नाय. पण तो त्या दिसा—" मी हात वर केला. इंग्रजीची बी.ए. मी आहे की तू? गेला. फवारा दिवसभर चालूच ठेवला. गोलच्या पुढे तळं झालं. राग त्याचा, पाणी क्लबाचं.

१८ मार्च, मंगळवार
०–२. त्याआधी १–४. टीम शेवटून दुसरी. मैदानावर पेटिग्रू पोरांना ओरडतात ते मला नीट ऐकू येतं, अर्थ लागत नाही. पोरांनाही लागत नसणार. मी टाइप करून एक सूचनापत्र दिलं. मुद्दे अकरा, पहिला "बॉल स्वतःकडे ठेवावा". वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. अमलात नाही.

५ एप्रिल, शनिवार
मुदीरसाहेबांनी आत बोलावलं. पेटिग्रूंचं काँट्रॅक्ट वाढणार नाही. "मिस्टर पेटिग्रू, खलास." पत्र मी टाइप करायचं. दहावी हकालपट्टी माझ्या हातून. "आपल्या अनुभवाचा लाभ झाला" असं त्यातही घातलं. मुदीरसाहेबांनी लाल पेनने काट मारली.
१२ मेचं विमान. पत्र दिलं तर म्हणाले, बरं झालं, आईच्या वाढदिवसाला सुट्टी मागायला नको. मग हळूच विचारलं, पुस्तक होईल ना, मिसेस कॉमेडी? बाकी काही नेण्यासारखं नाही इथून.
होईल म्हटलं. झालेली पानं: ५२. निश्चय: रोज पाच. शशिकांतना सांगितलं, महिनाभर स्वयंपाक साधा. म्हणाले, "आत्तापर्यंत कुठला होता?"

२० एप्रिल, रविवार
रोज दोन होतात. टाइपरायटरचा "e" अडकतो. इंग्रजीत नेमकं तेच अक्षर फार लागतं.

८ मे, गुरुवार
पूर्ण! शहाण्णव पानं, डबल स्पेस. अडीचशे ठरली होती, पण आकार महत्त्वाचा नाही. निळ्या फायलीत घालून पेटिग्रूंच्या हातात दिली. तिथेच माझ्यासमोर खुर्चीवर बसून वाचायला लागले. पहिल्या प्रकरणाला, टपाल खात्यापाशी, खांदे हलले. गोलच्या वाक्याशी तर उठून पाणी प्यायले. मग एकेचाळीसावं पान आलं. "आतिथ्य". वाचता वाचता थांबले. चष्मा काढला. खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले, बराच वेळ.
शैलीचा परिणाम म्हणतात तो हा. बी.ए. झाल्यापासूनच्या बत्तीस वर्षांत माझ्या लिहिण्याने कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहिलं नव्हतं.
वळून म्हणाले, यातला एक शब्द बदलू नका.
मी कशाला बदलू?

१० मे, शनिवार
काय लिहू.
दुपारी लवू आला. उद्या पेटीगुरूंना निरोप देणार, सगळे मिळून टाळांची जोडी देणार आहेत. मग दारातच घुटमळला. "वयनीनु, तेच्या बापसाचा लिवलात ना बरा?" मी म्हटलं, उत्तम लिहिलं, सगळ्या गावाने कसं स्वागत केलं ते. याचं तोंड उघडंच राहिलं. "स्वागत? कोणाचा स्वागत?" म्हटलं, ग्रीटिंग, लवू. ग्रीटिंग म्हणजे स्वागत.
तो म्हणाला, "वयनीनु, माका इंग्लिश येणा नाय. पण तो माज्या फुड्यात बसान रडा होतो. बापूस गेलो, आवस रडा होती, गाव सगळो रडा होतो, असा तो सांगा होतो. ह्या कळूक इंग्लिश कित्याक व्हया?"
घरी आले. लीनाला म्हटलं, तो शब्दकोश उघड. मी नाही उघडला. माझे हात पिठाचे होते.
लीनाने पाहिलं. ग्रीट, स्कॉटलंडात: रडणे, शोक करणे. मग म्हटलं, मेसेज बघ. मेसेजेस, स्कॉटलंडात: बाजारहाट. घरचं सामान.
म्हणजे ती माउली टोपली घेऊन वाण्याकडे जात होती.
लीना म्हणाली, "ओ माय गॉड, आई." आणि मग पहिल्या पानावरचं लेबल मोठ्याने वाचलं. हे इतक्या वर्षांत कुणी वाचलेलं नव्हतं. कु. कौमुदी परचुरे, वर्षभरातील पूर्ण उपस्थितीबद्दल.
इंग्रजीच्या तासालाही मी हजरच होते. त्या अर्थी ते इंग्रजीचंच बक्षीस आहे.
शशिकांतनी आज बटणाचंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

११ मे, रविवार
सकाळी पेटिग्रूंच्या दारात गेले. म्हटलं, फाइल परत द्या, थोडी शुद्धलेखनाची कामं राहिली आहेत. नाही म्हणाले. फाइल बॅगेत तळाशी गेली, वर मोजे आले, वर टाळ. चूक काय आहे ते सांगायला तोंड उघडलं. निघालं ते असं, की पान एकेचाळीसचा मार्जिन बरोबर नाही. "द मार्जिन्स आर ग्रँड, मिसेस कॉमेडी."
त्यांना चूक कळली होती. गुरुवारीच कळली होती. मला वाटतं, टपाल खात्यापाशीच.
दिवसभर बसून "आतिथ्य"ची पाचही पानं नव्याने लिहिली. शब्दकोश उघडा ठेवून. "ग्रीटिंग" एकदाही येऊ दिलं नाही. अश्रू, विलाप, आक्रोश, हंबरडा, सगळं योग्य जागी. "e" अडकला तिथे हाताने भरला. मथळा "शोक".

१२ मे, सोमवार
ऑफिस सोडून टॅक्सीने एअरपोर्टवर. चार वर्षांत पहिल्यांदा न सांगता रजा. लवू आणि त्याचे पाच जण आधीच हजर, सहाही जण धुतलेल्या कपड्यांत. पेटिग्रूंच्या गळ्यात झेंडूचा प्लॅस्टिकचा हार. मी पाच पानांचं पाकीट पुढे केलं. म्हटलं, ही लावा, जुनी फाडा, २० तारखेच्या आधी. त्यांनी पाकीट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवलं आणि खिशावर थाप मारली. "आय," म्हणाले.
लवूने वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याला उठवून मिठी मारली. दोघेही ग्रीटिंग. हे मात्र मी बरोबर ओळखलं.
परत येताना समाधान वाटलं. चूक वेळेत निस्तरली. वाढदिवसाला आठ दिवस आहेत.

२० मे, मंगळवार
आज वाचलं असेल. तिकडे दुपारचे तीन म्हणजे इथे पाच. सहा, कदाचित. पाचपासून सहापर्यंत बसून होते. बटण लावलं.

१४ जून, शनिवार
पत्र आलं. दोन पोस्टकार्डं, पाकिटात. अक्षर बारीक, शुद्धलेखन भयंकर. माझ्यासाठी म्हणून नीट उतरवून ठेवते.
टपाल खात्याचं प्रकरण वाचलं तेव्हा म्हातारी हसून हसून इतकी वाकली, की नर्स धावत आली. आश्रमातल्या बाकीच्या बायकांना बोलावून पुन्हा वाचायला लावलं. आता तिथे सगळे तिला पोस्टमिस्ट्रेस म्हणतात. स्वतःच्या जाळ्यातला गोल तिला ठाऊक होता. मैदानात ती हजर होती. माझं वाक्य ऐकून म्हणाली, ही बाई पार्लमेंटात हवी.
मग एकेचाळीसावं पान. ते लिहितात, नवी पानं जॅकेटमध्ये होती आणि जॅकेट दाराच्या खुंटीला. ती पानं विमानात वाचली होती. चांगली आहेत, पण तिच्या ओळखीचं त्यात काही नाही. म्हणून जुनंच वाचलं. फक्त हसतमुखाने आणि हात हलवून एवढं गाळलं. "द होल व्हिलेज वॉज ग्रीटिंग." म्हातारीने हात पुढे केला, यांचा हात चाचपून धरला आणि म्हणाली, "आय. दे वेअर." सेहेचाळीस वर्षांत त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदा बोलली. संध्याकाळपर्यंत बोलत होती. पुढची पानं राहिलीच.
शेवटी लिहिलं आहे: तेवढं एक वाक्य तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत. थँक यू, मिसेस कॉमेडी.
म्हणजे शहाण्णव पानांत जे एक बरोबर निघालं ते मला न कळल्यामुळे. आणि जी पाच मी कळून लिहिली, ती खुंटीला.
संध्याकाळी मैदानावर जाऊन लवूला कार्डं वाचून दाखवली, मराठीत करून. त्याने फवारा बंद केला. म्हातारी हसली तिथे हसला. त्या वाक्यापाशी मी जरा थांबले. मग सांगितलं, "सगळं गाव रडत होतं, असं आहे."
"ता माका म्हायत हा, वयनीनु," तो म्हणाला. "तुमी काय लिवलेलात, ता सांगा."
कामं पडली आहेत म्हणून निघून आले.
घरी येऊन शब्दकोशाचं लेबल ओल्या फडक्याने काढायचा प्रयत्न केला. डिंक १९६४ सालचा आहे. निघत नाही.